ख्याल का सुटला? ग्वाल्हेरच्या एका घरातलं प्रकरण

सप्टेंबर २०२४. बाहेर पाऊस होता आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ ओली छत्री आत आणू की बाहेरच ठेवू, या विचारात दारात उभे होते. बसल्यावर मात्र त्यांनी एका दमात सांगितलं, "ताई, माझा नातू समलिंगी आहे. जूनमध्ये त्याने घरी सांगितलं. पचायला वेळ लागेल, लागू दे. माझा प्रश्न वेगळा आहे. त्याच्यामुळेच त्याचा ख्याल सुटला का?"

समुपदेशनाच्या कामात मला बारा वर्षं झाली. "हा बरा होईल ना?" विचारणारे आईवडील येतात, "लोकांना काय तोंड दाखवायचं?" म्हणणारे येतात. ख्यालासाठी, म्हणजे रागदारीतल्या त्या गायकीसाठी, आलेले हे पहिलेच. मला वाटलं, ख्याल हे निमित्त असेल. खरं दुखणं दोन-तीन भेटींत वर येईल. तसं झालं नाही. दुखणं ख्यालाचंच होतं.

दोघांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरी म्हणतात तसंच मीही म्हणते: नाना आणि दादू.

घर

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याच्या चौकापासून पायी दहा मिनिटांवर जुनं दुमजली घर. नाना ए.जी. (महालेखाकार) ऑफिसातून निवृत्त. गाणं हौसेचं, पण हौस अशी की लहानपणी माधव संगीत महाविद्यालयात शिकले, तरुणपणी ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडित यांची एकही बैठक सोडली नाही आणि आजही पहाटे साडेपाचला तंबोरा गवसणीतून निघतो. ग्वाल्हेरबाहेरच्या वाचकाला यात काय मोठंसं वाटणार नाही. पण इथल्या मराठी घरात ख्याल म्हणजे जवळजवळ स्थावर मालमत्ता. ग्वाल्हेरची ख्यालगायकी घडवणाऱ्या हद्दूखाँ-हस्सूखाँचं हे गाव. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथूनच विद्या घेऊन महाराष्ट्रात गेले, तेव्हा "तुमच्याकडचं गाणं आमच्याकडून गेलंय" हे पुण्याच्या पाहुण्याला ऐकवल्याशिवाय आमच्याकडे जेवण वाढत नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून आपल्या यादीत घेतलं. नानांनी बातमीचं कात्रण फोटो काढून दादूला पाठवलं. दादूचा नुसता अंगठा आला. तो अंगठा नानांनी मला फोन उघडून दाखवला.

दादूला सहाव्या वर्षी हजीऱ्याला नेऊन तानसेनच्या मकबऱ्याजवळच्या चिंचेचा पाला, गळा गोड होतो म्हणतात म्हणून, चघळायला लावला होता. मग भूप, यमन, अल्हैया बिलावल, हमीर, रीतसर. सतराव्या वर्षी, २०१८ मध्ये, त्याने बसणं सोडलं. आता तेवीस वर्षांचा आहे, नोएडात नोकरी करतो, आणि कानांत नाना ज्याला "धुपधुप" म्हणतात ते असतं.

घराने मांडलेला हिशोब

जूननंतर घरात मागचा सगळा हिशोब नव्याने सुरू झाला. यात आत्या आघाडीवर. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळणारा कलम ३७७ बद्दलचा निकाल दिला, आणि त्याच हिवाळ्यात ह्याने तंबोरा सोडला: आत्याच्या मते धागा स्पष्ट होता. (त्याच हिवाळ्यात त्याची बारावी होती, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.) शिवाय लहानपणी त्याला बायकांनी गायलेल्या ठुमऱ्या आवडत. शिवाय लग्नात नाचतो. शिवाय ही धुपधुप.

अशा घरांत मला हे नेहमी दिसतं. एकदा ती एक गोष्ट कळली, की पुढे सगळ्याचं कारण तीच. त्याला पडवळ आवडत नाही, तेही त्यातच. मूल तेवीस वर्षांचं असतं, पण घरच्यांना ते जूनमध्ये जन्मल्यासारखं वाटतं.

आत्याने दिल्लीतल्या एका "उपचार" करणाऱ्याचा नंबरही आणला होता. तो विषय मी पाच मिनिटांत संपवला. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच काढली. असा लैंगिक कल "बदलून देणं" हे आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. नाना म्हणाले, "ते मी तिला सांगितलं. ख्यालाचं बोला."

ठुमऱ्यांचा पुरावा नानांनी स्वतःच निकालात काढला. मी एवढंच विचारलं, की नाना, साठ वर्षं तुम्ही ज्या बंदिशी गाताय त्यांत बोलतंय कोण? ते क्षणभर थांबले आणि हसायलाच लागले. ख्यालाच्या कितीतरी बंदिशींत बोलणारी नायिका असते. पिया आला नाही, सासू-नणंद जागी आहे, पैंजण वाजतंय. मिशीवाले खाँसाहेब आणि पगडीवाले बुवा दोनशे वर्षं हेच गात आले. ज्ञानेश्वरांनी विरहिण्या रचल्या, नाथांनी गौळणी. बालगंधर्वांच्या गाण्यावर जीव टाकणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीबद्दल कुणी काही अनुमान काढलं नाही. स्त्रीच्या तोंडचं गाणं आवडलं म्हणून माणूस कसा आहे हे ठरायला लागलं, तर अर्धा ग्वाल्हेर घराणा चौकशीला बसवावा लागेल.

पुण्याहून आलेला आकडा

पुढच्या भेटीला नाना एक छापील कागद घेऊन आले. पुण्याच्या आयटीतल्या काकांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला मजकूर: कुणाला कोणते गायक आवडतात यावरून संगणक माणूस समलिंगी आहे का ते ८८ टक्के अचूक सांगतो.

हा अभ्यास खरा आहे, सांगण्याची तऱ्हा खोटी. कोसिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तो प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या ५८,४६६ स्वयंसेवकांचे फेसबुकवरचे लाइक्स त्यांनी तपासले. नुसती गाणी नव्हेत. सिनेमे, मालिका, खाण्याचे पदार्थ, सगळे लाइक्स एकत्र. त्यात ब्रिटनी स्पिअर्सचं पान आवडणं हे पुरुषांच्या बाबतीत मध्यम ताकदीचं चिन्ह निघालं. ८८ चा अर्थ असा, की एक समलिंगी आणि एक भिन्नलिंगी पुरुष अशी जोडी समोर ठेवली, तर शंभरातल्या ८८ जोड्यांत कोण कोणता ते गणित बरोबर लावतं. बायकांच्या जोड्यांत ७५. रस्त्याने चाललेल्या एका माणसाकडे बोट दाखवून सांगणं ही अगदी वेगळी गोष्ट.

नाना जन्मभर लेखापरीक्षणातले. त्यांनी पेन काढलं. समजा हजार पुरुष, त्यांत पन्नास समलिंगी. परीक्षा दोन्हीकडे ८८ टक्के बरोबर असं धरलं, तरी पन्नासांतले ४४ सापडले. पण उरलेल्या ९५० मधले १२ टक्के, म्हणजे ११४, फुकट पकडले गेले. बोट दाखवलेले १५८, त्यांतले ११४ चुकीचे. "अहो, हे ऑडिटला उभं राहणार नाही," म्हणाले, आणि तो कागद त्या दिवसापासून माझ्या फायलीत आहे.

मला त्या अभ्यासातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. लाइक ही चारचौघांत केलेली खूण असते. आपण कुणाच्यात बसतो, हे माणूस तिच्यातून सांगतो. पहाटे चारला एकटा जागा असताना तो काय ऐकतो, हे त्यात कुठेच नाही.

दादूची बाजू, आणि माझी चूक

दादूशी पहिलं बोलणं व्हिडिओवर झालं. वातावरण सैल करायला मी विचारलं, "तू काय काय ऐकतोस?" तो कॅमेऱ्याकडे बघत राहिला. "तुम्हीपण?" मी ओशाळले. घरातला प्रत्येक जण त्याची गाणी पुराव्यासारखी उलटून पाहत होता, आणि मी तेच करत होते, फक्त आवाज मऊ होता.

दुसऱ्या खेपेला तो स्वतःच बोलला. दिल्लीला कॉलेजच्या पहिल्या वर्षी एका मित्राच्या गच्चीवर पार्टी होती, तिथे हाऊस, हे नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत, वाजत होतं. "संगीत कसंय ते कळलंच नाही त्या रात्री. एवढं आठवतं, की हात कुठे ठेवू हे बघावं लागलं नाही." ग्वाल्हेरला त्याला ते सतत बघावं लागे. हात हलवून बोललं की कुणीतरी नक्कल करणार.

या एका वाक्यात नानांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे, आणि त्या संगीताचा इतिहासही त्याला दुजोरा देतो. डिस्को वाढलं ते १९७० च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये, समलिंगी, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुणांच्या नाचाच्या जागांत. त्याच शहरात जून १९६९ मध्ये स्टोनवॉल या समलिंगींच्या बारवर पोलिसांची धाड पडली होती. दोन पुरुषांनी एकत्र नाचायला चार भिंती लागत होत्या. त्या जिथे मिळाल्या तिथे जे वाजत होतं ते त्यांचं झालं. शिकागोत १९७७ मध्ये वेअरहाऊस नावाचा क्लब उघडला, तिथे फ्रँकी नकल्स तबकड्या वाजवत, आणि हाऊस हे नाव त्या क्लबवरूनच पडलं असं मानतात. १२ जुलै १९७९ ला त्याच शिकागोत बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला. त्या तबकड्यांवर राग नक्की कशाचा होता, यावर अजून वाद चालतो.

पण त्याच काळात त्याच देशातल्या समलिंगी स्त्रियांचं काय चाललं होतं? १९७३ मध्ये ऑलिव्हिया रेकॉर्ड्स ही बायकांनी चालवलेली कंपनी निघाली, १९७६ पासून मिशिगनमध्ये त्यांचे संगीत मेळावे भरू लागले, आणि तिथे गिटार घेऊन गाणाऱ्यांचा जोर होता. कलच जर आवड घडवत असता, तर एकाच शब्दाखाली येणाऱ्या दोन गटांचे कान इतके वेगळे का? आवड घडवली ती जागेने, सोबतीने, कुणाच्या हाती किती पैसा होता त्याने. आणि हे सगळं बहुतेक वेळा पुरुषांबद्दलच विचारलं जातं. मुलगी काय ऐकते यावरून तिच्याबद्दल काही ताडलंय असं सांगणारं घर माझ्याकडे अजून आलेलं नाही.

म्हणून मी "काहीही संबंध नाही" असंही म्हणणार नाही. दादूने एक गोष्ट कबूल केली. सिनेमातली प्रेमाची गाणी ऐकताना तो नेहमी बाईच्या कडव्यात उभा राही, कारण तिथे समोर पुरुष असे. शब्दांत स्वतःला उभं राहायला जागा शोधणं हे प्रत्येक जण करतो. काहींना ती शोधावी लागते, काहींना आयती मिळते. पण मग बघा, त्या हिशोबाने नायिकेच्या तोंडच्या बंदिशींनी भरलेला ख्याल त्याला सगळ्यांत जवळचा वाटायला हवा होता. तोच त्याने सोडला.

डायरी

दोघांना तीन आठवडे ऐकण्याची डायरी लिहायला दिली: काय ऐकलं, कुठे, सोबत कोण. मनात आशा होती की दादूच्या डायरीत रात्री एकट्याने ऐकलेला एखादा ख्याल सापडेल, आणि मी तो नानांना दाखवेन.

सापडला नाही. मित्रांबरोबर हाऊस. मेट्रोत क्रिकेटचे पॉडकास्ट. एकटा असताना जुन्या गझला, एक-दोन नाट्यपदं, पावसाचा नुसता आवाज. ख्याल शून्य. नानांच्या डायरीत मात्र दाढी करताना तीन आठवडे रोज एकच हिंदी सिनेमागीत होतं, १९६० च्या दशकातलं. होलब्रूक आणि शिंडलर यांच्या १९८९ च्या अभ्यासात असं दिसलं होतं, की माणसाला सगळ्यांत जास्त ओढ वाटते ती त्याच्या साधारण तेवीस-चोविसाव्या वर्षी गाजत असलेल्या गाण्यांची. नाना १९६९-७० मध्ये तेवीस-चोवीस वर्षांचे होते. दादू आत्ता आहे. नानांना हे सांगितल्यावर ते जरा घाबरले. "म्हणजे ही धुपधुप जन्मभर राहणार?"

खूण सापडल्याचा आनंद

ऑक्टोबरच्या शेवटी दादू चार दिवस घरी आला, तेव्हा मी दोघांना एकत्र बसवून कागदावर वर्षं मांडली. २०१५ पाशी दादूचा हात थांबला. गुरुपौर्णिमेला घरी बैठक होती, तो चौदा वर्षांचा, आवाज फुटायला लागलेला. तारसप्तकात जाताना आवाज चिरकला, आणि बसलेल्यांपैकी एक नातलग मोठ्याने म्हणाले, "वा, एकाच गळ्यात बाई आणि बुवा दोन्ही!" सगळे हसले. नानांना हे आठवतच नव्हतं. ते म्हणे तंबोरा लावत होते.

मी आतून खूश झाले. खूण सापडली होती. ख्याल सुटला तो कलामुळे नाही, कलावरून झालेल्या टिंगलीमुळे: लिहायला किती सुबक. मी तसं थोडंफार बोललेही. समुपदेशकाला जखम सापडली की त्याला दुसरं काही दिसत नाही, हा आमच्या धंद्यातला दोष आहे.

दादू म्हणाला, "नाही हो ताई. ते लागलं मला, खूप लागलं. पण त्याच्या आधीही ख्याल आवडत नव्हता." मग नानांकडे वळून, "नाना, मला ख्याल कधी आवडलाच नाही. मी हे आज पहिल्यांदा सांगतोय."

आपण कोण आहोत हे घरी सांगायला त्याला दोन वर्षं लागली होती. हे सांगायला सतरा लागली.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि अकरा वर्षं माझ्यासमोर बसून काय करत होतास?"

"तुमच्याबरोबर बसायला आवडायचं."

मी पाणी आणायला उठले. तेव्हा पाणी आणण्यापलीकडे मला काही सुचलं नाही.

एकदा हे बोलून झाल्यावर घराने मांडलेला सगळा हिशोब कशासाठी होता ते दिसायला लागलं. नातवाचा कल हे कारण नानांना सोयीचं होतं. त्यात ख्यालाचा दोष नव्हता, शिकवण्याचा नव्हता. निसर्गानेच घडवलेलं कारण, त्यापुढे कुणाचं काय चालणार? नातवाला ख्याल नुसताच आवडत नाही, जसा लाखो लोकांना आवडत नाही, हे त्याहून कितीतरी जड होतं. आणि दादूलाही ते कारण काही काळ पुरलं होतं. घरात "तो तसा आहे ना, म्हणून" असं म्हणू लागले, तेव्हा त्याने गप्प राहून ते चालू दिलं. नावडीपेक्षा ते कमी अपमानाचं वाटलं, असं तो म्हणाला. अपमान कुणाचा, हे मी विचारलं नाही.

डिसेंबर

डिसेंबरात तानसेन समारोह शंभरावा होता. नानांनी दादूला फोन केला: "तू ये. बाहेर गजक खा, फिर, आत बसू नकोस." दादू आला, आणि गजक खाऊन बाहेरच फिरला. त्या आठवड्यातली भेट आमची शेवटची. नानांनी स्वतःहून हेडफोन मागितले. डोळे मिटून, मांडीवर हात धरून त्यांनी सात मिनिटं ते ऐकलं.

"सम कुठे आहे याची?" सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाणारा फिरून जिथे येतो ती.

"प्रत्येक ठोक्यावर सारखंच वजन असतं, नाना."

"मग माणसाने वाट कशाची बघायची?"

दादूने तुकडा मागे नेला. मध्येच खालचा ठोका काढून घेतात, वरवरचं वाजत राहतं, आणि मग तो परत येतो. सगळे नाचणारे त्याचीच वाट बघत असतात. नाना बोटांच्या पेरांवर मोजायला लागले. ठोका परत आला तेव्हा डोळे उघडून म्हणाले, "बत्तीस. त्रितालाची दोन आवर्तनं, सोळा-सोळाची." मग हेडफोन काढून दादूच्या हातात दिले. "आवडलं नाही मला."

"चालेल," दादू म्हणाला.

आत्या अजून दादूशी बोलत नाही, आणि तिने माझ्याकडे यायलाही नकार दिला आहे. नानांकडे दोन तंबोरे होते. मंगळवार-शुक्रवार शेजारच्या गल्लीतली नववीतली एक मुलगी शिकायला येते. दादूचा तंबोरा आता तिच्याकडे असतो. तो तिला द्यावा की नाही, हे नानांनी फोन करून दादूला विचारलं होतं. तारा नव्या बसवून द्या, एवढंच तो म्हणाला.